एवढंसं पापलेट घ्यावं का? घाटाखालचा दर्या आणि आपलं ताट

देवगडची_सून

मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न मनात आहे, इथं विचारते.

माझं सासर देवगड तालुक्यात, अगदी खाडीच्या तोंडाशी. माहेर कोल्हापूर आणि नोकरीमुळं आता घरही इथंच. गेल्या रविवारी मासे आणायला गेले. पापलेटं होती, पण केवढी? माझ्या तळहातावर एक ठेवून बघितलं तर शेपटासकट मावलं आणि बोटं मोकळीच राहिली. मी म्हटलं, "दादा, ही पिल्लं आहेत." ते म्हणाले, "ताई, मोठी आता रोज येत न्हाईत, आणि आली तर गिऱ्हाईकाला परवडत न्हाईत. ही कुरकुरीत तळा, काट्यासकट जातील." तोवर शेजारच्या बाईंनी अर्धा किलो घेतलीसुद्धा.

मी तशीच परत आले आणि संध्याकाळी सासऱ्यांना फोन केला. त्यांचं वय ७४. तरुणपणी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, नंतर स्वतःची छोटी होडी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू घेतलंस नाय म्हणान ता परत दर्यात गेला काय?" मी गप्प. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "पण घेणारोच नसलो तर पुढच्या खेपेक हाडतलो कोण?" (हाडतलो म्हणजे आणणार.)

या दोन वाक्यांच्या मध्ये मी आठवडाभर अडकलेय. दीडशे किलोमीटर लांब, घाटाच्या वर बसून आपण काय खातो, काय नाकारतो यानं तिथल्या दर्याला खरंच काही फरक पडतो का? की आपल्या मनाचं समाधान तेवढं? मासे विकणारे, पकडणारे, नुसते खाणारे, सगळ्यांनी सांगा.

---

तांबडा_पांढरा

ताई, सोपं उत्तर हाय. बुधवार, शुक्रवार, रविवार तिन्ही वार मटण. दर्याबी वाचला आणि कोल्हापूरचं नावबी राखलं!

---

बर्फपेटी

मी मासे विकतो, बावीस वर्षं झाली. ताईंना भेटलेला तो दादा मी नव्हे, पण असतो तर हेच बोललो असतो, म्हणून लिहितोय.

बाहेरच्याला वाटतं, विकणारा मुद्दाम बारका माल आणतो. तसं नसतं. पहाटे पेट्या उघडल्या की जे निघंल ते आपलं. बंदरावर लिलावात मोठा माल वेगळा होतो. त्यातला चांगला निर्यातीला, मुंबईला आणि गोव्याच्या हॉटेलांना. मधला पुण्याला. घाट चढून आमच्याकडं येतो तो त्याच्या खालचा. ह्यात माझी निवड किती? थोडी. अजिबात न्हाई असं म्हणणार नाही. मी फोनवर "बारकं पापलेट नको" म्हणू शकतो. पण त्या दिवशी माझ्या पाटावर पापलेटच नसेल, आणि गिऱ्हाईक पलीकडच्या पाटावर जाईल.

आणखी एक. लोक जूनमध्ये येऊन विचारतात, "बंदी हाय तर मासे कुठनं आले?" आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी. पूर्वकिनाऱ्याची बंदी १५ एप्रिलला सुरू होते आणि १४ जूनला संपते. म्हणजे आपला दर्या बंद असताना तिकडचा उघडतो, तिकडनं बर्फात माल येतो. शिवाय गोठवलेला असतोच. पाटावरची सुरमई बघून कुणी चोरून पकडली असा अर्थ काढू नका. पण ती ताजी न्हाई हेबी मी सांगतो. विचारलं तर सांगतो.

---

घाटवाट

मी सात वर्षं मासळीचा टेम्पो चालवला. मालवण, देवगड आणि कधी रत्नागिरीहून. करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा फोंड्यानं नाहीतर भुईबावड्यानं फिरून यावं लागायचं. बर्फ वितळतोय, डिझेल जळतंय, आणि इकडं व्यापाऱ्याचा फोन, "कुठं पोचलास?"

मला मासेमारीतलं काही कळत नाही, पण पेट्या कळतात. सुरुवातीला बांगड्याची पेटी उचलली की वरनं दिसायचा तो मासा आणि तळातला मासा एकाच मापाचा असायचा. शेवटच्या दोन-तीन वर्षांत वर मोठा आणि खाली बोटाएवढा. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि बंदरावर वेगळे ढीग असायचे, माणसाच्या खाण्यासाठी नसलेले. बारीक तारली, बारीक बांगडा, सगळं एकत्र. ते फिशमीलला. कोंबडीखाद्य आणि कोळंबीखाद्य होतं त्याचं. त्या ढिगाजवळ उभं राहिलं की पोटात कसंतरी व्हायचं. मोठा झाला असता तर एकेकाचं कालवण झालं असतं.

---

रापणकार

ताई, तुमच्या सासऱ्यांका माझो नमस्कार सांगा. मी मालवण तालुक्यातलो, रापणीच्या घरातलो. हयसरचे लोक समजतीत म्हणान पुढचा सरळ मराठीत लिहितो.

रापण म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. होडीतून अर्धगोल जाळं सोडत जायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. पन्नास-साठ माणसं सहज लागतात. ज्यानं दोरीला हात लावला त्याला वाटा. म्हातारा असो, विधवा बाई असो, सुट्टीत आलेलं पोर असो. माझी आजी आजोबा गेल्यावर त्या वाट्यावर जगली. आम्ही माशाच्या मागे जात नव्हतो, मासा आमच्या किनाऱ्याला यायचा. आला तर आला. नाही आला तर दुपारी जाळं विणत बसायचं.

आता तो येतच नाही. बाहेर खोल पाण्यात रात्री एलईडीचे दिवे लावतात, मासा उजेडाला गोळा होतो आणि थव्याचा थवा एका जाळ्यात जातो. त्यात लहानमोठं काही निवडता येत नाही. केंद्रानं २०१७ मध्ये ह्या दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, दोन बोटींनी मिळून जाळं ओढण्यावरही. तरी रात्री आमच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर गाव वसल्यासारखे दिवे दिसतात. शिवाय परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटी, आत घुसतात. लहान होडीवाल्यांची जाळी त्यांच्या खाली फाटतात. ४० हजारांचं जाळं एका रात्रीत गेलेला माझा चुलतभाऊ आहे. भरपाई कुणाकडे मागायची?

"शाश्वत मासेमारी" हा शब्द मी पहिल्यांदा एका सभेत ऐकला. माझा बापूस बाजूक बसललो. तो हळूच म्हणालो, "म्हंजे दर्यात बियाणा ठेवूचा, ताच मा?" नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही, हे आमच्याकडे कुणी अध्यादेश काढून शिकवलं नव्हतं. आता बंदी ३१ जुलैला संपते, पौर्णिमा बहुतेक त्यानंतर येते. दर्या खवळलेलाच असतो, मासा लहान असतो, आणि बोटी सुटतात. ती बंदी पौर्णिमेपर्यंत न्यावी ही आमच्याकडची जुनी मागणी आहे.

---

नाखवा_रत्नागिरी

रापणकार भाऊंचा आदर ठेवून लिहितो. मी पर्ससीनवाला, म्हणजे माशांच्या थव्याभोवती मोठं जाळं टाकून ते खालून आवळणारा. धाग्यावर येऊन मार खायची तयारी आहे.

एलईडी लावणारा चोर आहे, यात माझं दुमत नाही. पण "पर्ससीन" म्हटलं की सगळ्यांना एकाच दोरीत बांधतात. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशानं राज्याच्या हद्दीत पर्ससीनला फक्त सप्टेंबर ते डिसेंबर परवानगी ठेवली. म्हणजे वर्षाचे चार महिने. त्यात वादळं. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार चक्रीवादळ आलं तेव्हा ऐन हंगामात बोटी बंदरात बांधून ठेवल्या होत्या. माझ्या बोटीवर पंचवीस-तीस खलाशी. त्यातले बरेच नेपाळचे. हंगामाआधी त्यांना आगाऊ रक्कम द्यावी लागते. बोटीचं कर्ज वेगळं. डिझेलचा परतावा कधी येईल याचा भरवसा नाही. चार महिन्यांत हे सगळं कसं फेडायचं ते कुणीतरी कागदावर मांडून दाखवा. ज्याचं फिटत नाही तो जानेवारीत जातो, रात्री जातो. मी त्याचं समर्थन करत नाही, तो का जातो ते सांगतोय.

आणि कोल्हापूरकरांनो, तुम्हाला स्वस्त बांगडा कुठून मिळतो? थव्यानं पकडला जातो म्हणून. सगळा बांगडा गळानं किंवा रापणीनं पकडला तर तो पापलेटच्या भावानं घ्याल का?

एक शेवटचं. रापणीच्या जाळ्यात पिल्लं येत नाहीत असं कुणी म्हणू नये. किनाऱ्याजवळच तर पिल्लं असतात.

---

रापणकार

नाखवा, शेवटचं खरं आहे. रापणीच्या खोळीत, म्हणजे जाळ्याच्या मासा साठतो त्या पिशवीत, पिल्लं येतात. फरक एवढाच की आम्ही दिवसातून एखाद-दुसरी रापण ओढतो आणि ती जिथं ओढतो ती जागा बदलत नाही. तिथलं संपवलं तर उद्या आम्हीच उपाशी, हे रोज डोळ्यांसमोर असतं. तरी मान्य, आमची खोळही मोठ्या आसाची (मोठ्या भोकांची) हवी. आमच्या रापण संघात दोन वर्षांपूर्वी हा विषय निघाला होता. पैसे नव्हते म्हणून तिथंच राहिला.

कर्जाचं म्हणालात ते मात्र मनाला लागलं. तुमच्यावरही बोजा आहे हे आम्ही भांडणात विसरतो.

---

गडहिंग्लजची_पोर

मी रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालयात शिकते. घरी मासे फक्त पाहुणे आले की व्हायचे, त्यामुळं माझा निर्णय ऐकून आजी अजून हसते.

सूनताई, तुमच्या तळहाताच्या प्रश्नाला मापात उत्तर आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केलं, ते त्याची संख्या घटतेय म्हणूनच. बाईच्या हाताची मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी साधारण १७-१८ सेंटीमीटर भरते. तुमच्या पापलेटानंतर बोटं मोकळी राहिली म्हणजे ते बहुतेक मापात बसत नव्हतं. तुम्ही बरोबर ओळखलंत.

पण हे माप म्हणजे खालची हद्द आहे. ३७ सेंटीमीटरची सुरमई कायद्यानं चालते, तरी ती अजून वयात आलेली नसते. एकदाही अंडी न घालता ती कढईत जाते. त्यामुळं नुसतं "मापात आहे ना" म्हणून निश्चिंत होऊ नका. ज्याला परवडतं त्यानं मोठ्या सुरमईची तुकडी घ्यावी, लहान अख्खी सुरमई घेऊ नये.

जाळ्याचं माप त्याहून महत्त्वाचं. ट्रॉलच्या खोळीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस असावा असा नियम आहे. चौकोनीच का? नेहमीचा हिऱ्याच्या आकाराचा आस जाळं ओढताना ताणून मिटतो आणि लहान मासा आत अडकतो. चौकोनी आस उघडा राहतो, पिल्लू निसटतं. मासा बोटीवर आल्यावर पट्टी लावून काय उपयोग? तो तोवर मेलेला असतो. तुमच्या सासऱ्यांनी तेच सांगितलं ना?

---

तांबडा_पांढरा

पोरी, लई भारी लिहिलंस. मघाशी मटणाचं बोललो, आता खरं विचारतो. आमच्या घरात सुरमई, पापलेट आणि कोळंबी सोडून चौथं नाव कुणाला माहीत न्हाई. मग खायचं काय?

---

देवगडची_सून

दादा, तारली! पेडवे, सौंदाळे, खटखटे, मोरी, तिसऱ्या. सासूबाई पापलेट पाहुण्यांना करतात आणि घरात तारलीचं तिखलं. तिरफळं घालून, आमसुलं टाकून, मातीच्या भांड्यात. दुसऱ्या दिवशी अजून चांगलं लागतं.

---

आजरेकर_काकू

तारलीला तिरफळं बरोबर. पण बांगड्याला आमचा कांदालसूण मसाला लावून तव्यावर टाकून बघा. माझ्या मालवणच्या जाऊबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "ह्यात माश्याची चव खय गेली?" आता डबा भरून मसाला नेतात.

---

रापणकार

काकू, माझी बायकोय नेता. पण तिका सांगू नका मी लिवलय म्हणान.

---

पंचगंगाकाठ

सगळे दर्याचं बोलताय, नदीचं कुणी बोलंना म्हणून लिहितोय. मी भोयाच्या घरातला. आजा, बाप, चुलते सगळे पंचगंगेत जाळं टाकून जगले. मी आता एमआयडीसीत कामाला.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्यांचं पाणी एक होऊन पंचगंगा होते. आजा सांगायचा, वाम, मरळ, शिंगटा हे रोजचं. आता जाळ्यात काय येतंय? चिलापी. रोहू, कटला सोडलेले. तेबी आपल्या नदीचे न्हवंत, तिकडं गंगेकडचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वास सुटतो. सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, सगळं बंधाऱ्याला तटून राहतं. पहिल्या पावसाला ते सुटलं की तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच. पेपरात फोटो येतो, नमुने घेतात, पुढच्या वर्षी परत तोच फोटो.

माझ्या बापानं एकदा मेलेल्या माशांतनं एक वाम उचलली, हातभर लांब. म्हणाला, "ही नदीत हाय हेच मला ठाव नव्हतं." दहा वर्षं त्यानं वाम बघितली नव्हती. बघितली ती मेल्यावर.

कोकणातल्या माणसांना निदान भांडायला समोर ट्रॉलर दिसतोय. आम्ही कुणाशी भांडायचं? ज्याच्या घरातलं पाणी नदीत जातंय तो मीच, तुम्हीच.

---

गगनबावड्याचा

पंचगंगाकाठ, वाचून गलबललो.

माझ्याकडनंबी एक चूक होते ती सांगतो. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला पाणी आलं की आम्ही पोरं बॅटऱ्या घेऊन चढणीचे मासे धरायला जायचो. अजून जातात. प्रवाहाच्या उलट ते वर चढतात, वावरात शिरतात, नुसत्या टोपलीनं उचलावेत. पोटं तट्ट फुगलेली असतात, अंड्यांनी. ती अंडी तळून खायची म्हणजे वर्षाचा आनंद. ते वर चढतात कशाला, ह्याचा विचार वयाच्या तिशीत केला. अंडी घालायला जाताना आम्ही त्यांना वाटेत धरतो. दर्यावर दोन महिने बंदी हाय, ओढ्यावर कुठाय?

शिवाय आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, वेळेत काढले तर मासा वर जातो, न्हाईतर बंधाऱ्याखाली अडकून राहतो. तिथं जाळी लावून बसलेले असतातच.

ह्या वर्षी मी भाच्यांना घेऊन गेलो, पण धरायला न्हाई. नुसती बॅटरी लावून दाखवलं. धाकटा रडला, "मामा, एक तरी धर की." एक धरला आणि पलीकडं वरच्या डबक्यात सोडला.

---

नाखवा_रत्नागिरी

गगनबावड्याच्या दादा, हे वाचून आईची आठवण झाली. तीही "गाभोळीचा मासा पहिल्या पावसात नको" म्हणायची. आणि आम्ही तोच शोधून आणायचो.

रापणकार, तुमच्या खोळीचा खर्च किती येतो? इथं नको, मला व्यक्तिगत निरोप करा. आमच्याकडं जुनी मोठ्या आसाची जाळी पडून आहेत. उपयोग होत असेल तर बघू.

---

रापणकार

नाखवा, निरोप केलंय. देव बरा करो.

---

बर्फपेटी

धागा वाचून काल रात्री बायकोशी बोललो. ती हिशेब ठेवते. ती म्हणाली, "पापलेटात आपल्याला सुटतं किती? बारकं दुपारपर्यंत पडून ऱ्हायलं तर संध्याकाळी निम्म्या भावात द्यावं लागतं." मी इतक्या वर्षांत असा हिशेब केलाच नव्हता.

तर ताई, मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं. एका गिऱ्हाईकानं न घेतल्यानं दर्याला फरक पडत न्हाई. पण मला पडतो. आठवड्यात दहा जणांनी "बारकं नको, तारली हाय का?" असं विचारलं तर पहाटेच्या फोनवर माझं बोलणं बदलतं. इथं कोल्हापुरात तारली मागणारं माणूस मला महिन्यातनं एकदा भेटतं, तेबी कोकणातलं. मागा की.

---

देवगडची_सून

सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना सगळा धागा फोनवर वाचून दाखवला, दीड तास लागला. पंचगंगाकाठ यांच्या वामीच्या गोष्टीला त्यांनी थांबवलं आणि परत वाचायला सांगितली. नाखवांच्या जाळ्यांचं ऐकून म्हणाले, "पर्ससीनवालो देता? बरोच आसा मग."

मी ठरवलंय ते सांगते. वितीपेक्षा लहान पापलेट आणि अख्खी लहान सुरमई घरात आणायची नाही. जून-जुलैसाठी मे महिन्यात गावाहून सुके बांगडे, सुकट आणि गोलमो (बारीक सुका जवळा) आणायचा. आमच्या वाडीतल्या बायकाच सुकवतात, पैसे थेट त्यांच्या हातात जातात. कुणाला हवं असेल तर आत्ताच नाव सांगा, म्हणजे त्यांना तेवढं मीठ घालता येईल.

बर्फपेटी दादा, येत्या बुधवारी दोन किलो तारली लागेल. आमच्या इमारतीतल्या तीन घरांची मिळून. साफ करून द्याल ना?

---

बर्फपेटी

तारली साफ करायला वेळ लागतो ताई, पण देतो. साडेआठच्या आत या. तिरफळं माझ्याकडं नसतात, ती तुम्ही आणा.

---

तांबडा_पांढरा

अर्धा किलो माझंबी धरा. आणि काकू, कांदालसूण मसाला तारलीला चालतो का न्हाई ते बुधवारच्या आधी सांगा.